तोफखान्याचा कॅप्टन आणि तोफखान्याबाहेरचा कागद

कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ होता. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, तारीख नाही, सही नाही, आणि फाडून टाकलेला. पॅरिसमधल्या जर्मन दूतावासात झाडलोट करणारी एक बाई तिथल्या टोपलीतले कागद गोळा करून फ्रेंच हेरखात्याला देत असे. १८९४ च्या सप्टेंबरअखेर हे तुकडे त्याच वाटेने आल्याचं हेरखात्याने सांगितलं. तुकडे जोडल्यावर एक यादी दिसली. जर्मनीचा लष्करी प्रतिनिधी श्वार्ट्सकोपेन याला कोणी फ्रेंच अधिकारी पाच गोष्टी पाठवत होता. १२० च्या तोफेचा हायड्रॉलिक ब्रेक आणि ती तोफ कशी वागली यावर एक टिपण. युद्ध सुरू होताच सीमा रोखून धरणाऱ्या तुकड्यांवर एक. तोफखान्याच्या रचनेतल्या बदलावर एक. मादागास्करवर एक. आणि मैदानी तोफखान्याच्या गोळाफेकीच्या नियमपुस्तिकेचा मसुदा, १४ मार्च १८९४ चा. शेवटी एक ओळ होती की मी आता युद्धसरावाला निघतो आहे.

सोबत जोडलेल्या कागदांच्या अशा यादीला फ्रेंचमध्ये बोर्दरो म्हणतात. या बोर्दरोपायी तोफखान्यातल्या आल्फ्रेड ड्रेफस नावाच्या एका कॅप्टनच्या आयुष्याची बारा वर्षं गेली.

ड्रेफस प्रकरण म्हटलं की आपल्याला कादंबरीकार एमिल झोला आठवतो, फ्रान्समधला ज्यूद्वेष आठवतो, दोन तट पडलेला देश आठवतो. ते सगळं खरंच आहे. पण या प्रकरणाकडे मला तोफखान्याच्या बाजूने बघायचं आहे, कारण आरोपी गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारा, होता, आरोप तोफांबद्दल होता, आणि निर्दोषपणाचा सर्वांत साधा पुरावा तोफखान्याच्या रोजच्या बोलीत होता. तो पहिल्या दिवसापासून सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तरी तो मान्य व्हायला १९०६ साल उजाडलं.

माणूस आणि त्याची नोकरी

आल्फ्रेड ड्रेफस ९ ऑक्टोबर १८५९ रोजी आल्सास प्रांतातल्या म्युलूझ गावी जन्मला. घर ज्यू, कापडगिरणीमुळे सधन. १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, आल्सास जर्मनीने घेतलं आणि ड्रेफस कुटुंबाने फ्रेंच नागरिकत्व निवडलं. भावंडांमधला हा धाकटा लष्कराकडे वळला. १८७८ मध्ये तो एकोल पॉलितेक्निकमध्ये गेला. फ्रेंच तोफखान्यात अधिकारी व्हायचं तर ही मोठी वाट होती, कारण तोफखाना म्हणजे आधी गणित. अंतर, उंची, वारा, दारूचं वजन आणि गोळा फोडणाऱ्या फ्यूजची वेळ यांचा हिशेब ज्याला डोक्यात मांडता येतो तोच चांगला गोलंदाज. पॉलितेक्निकनंतर फाँतेनब्लोची तोफखान्याची शाळा, मग ल मान्स इथली ३१ वी तोफखाना रेजिमेंट, मग पॅरिसमध्ये घोडदळाच्या डिव्हिजनबरोबर जाणारी घोड्यांची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी.

१८८९ मध्ये तो कॅप्टन झाला आणि बूर्जच्या लष्करी दारूगोळा शाळेत त्याची नेमणूक झाली. हा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. बूर्ज हे फ्रेंच तोफखान्याचं कारखान्याचं गाव. तिथे तोफा तयार व्हायच्या, फ्यूज आणि स्फोटकं तपासली जायची. तिथे काम केलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडी तोफेच्या प्रत्येक भागाचं नेमकं नाव असायचं, जसं सुताराच्या तोंडी रंध्याचं आणि पटाशीचं असतं.

१८९० मध्ये लुसी आदामारशी लग्न झालं आणि त्याच साली लष्कराच्या उच्च प्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळाला. १८९२ च्या शेवटच्या परीक्षेत तो नववा आला. नंबर आणखी वर गेला असता, पण परीक्षकांपैकी एका जनरलने ज्यू उमेदवारांना व्यक्तिमत्त्वाचे गुण मुद्दाम कमी दिले होते. ड्रेफसने संस्थेच्या प्रमुखाकडे तक्रार केली. प्रमुखाने सहानुभूती दाखवली, गुण मात्र तसेच राहिले. जानेवारी १८९३ पासून तो सेना मुख्यालयात प्रशिक्षणार्थी अधिकारी म्हणून रुजू झाला. सहा-सहा महिने एकेका विभागात काढायचे आणि दोन वर्षांत सगळं कामकाज शिकायचं, अशी ती व्यवस्था होती.

हा माणूस गोडबोल्या नव्हता. आवाज सपाट, वागणं ताठ, प्रश्न फार विचारायचा. घरचा पैसा असल्याने कर्जबाजारी होण्याचा प्रश्न नव्हता, आणि पैशासाठी देश विकण्याचाही. पण सपाट आवाजाचा माणूस लोकांना आवडत नाही, आणि चौकस माणूस अडचणीच्या दिवसांत संशयास्पद वाटू लागतो. माझ्या मते त्याच्याविरुद्ध पहिल्या दिवशी एवढंच होतं.

अनुमान

बोर्दरो हातात आल्यावर मुख्यालयातल्या अधिकाऱ्यांनी काय विचार केला हे नीट पाहिलं पाहिजे, कारण चूक इथेच झाली आणि पुढचं सगळं या चुकीच्या रक्षणासाठी झालं.

६ ऑक्टोबर १८९४. चौथ्या विभागाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल दाबोव्हील सुटीवरून परतले होते. त्यांना कागदाची छायाप्रत दाखवण्यात आली. त्यांचा तर्क असा: पाचपैकी तीन बाबी तोफखान्याच्या, तेव्हा लिहिणारा तोफखान्याचा. उरलेल्या बाबी वेगवेगळ्या विभागांतल्या, तेव्हा तो सगळ्या विभागांतून फिरलेला, म्हणजे प्रशिक्षणार्थी. आता तोफखान्यातले प्रशिक्षणार्थी मोजले तर मूठभर. विभागप्रमुख कर्नल फाब्र यांच्यासोबत यादी काढली गेली. त्यात ड्रेफसच्या नावावर बोट थांबलं, कारण आदल्या वर्षी फाब्र यांनीच त्याच्याबद्दल प्रतिकूल शेरा लिहिला होता. फायलीतलं त्याचं अक्षर काढून पाहिलं. सारखं वाटलं.

हा तर्क वाचताना पटतो. म्हणूनच तो घातक ठरला. विषय तोफखान्याचा आहे, एवढ्यावरून लेखक तोफखान्याचा ठरत नाही. आजारावर चिठ्ठी लिहिणारा डॉक्टरच असतो असं नाही, रोगीही लिहितो, औषधवालाही लिहितो. कोण लिहितोय ते त्याने कोणता शब्द वापरला यावरून कळतं. तेव्हा विचारायला हवं होतं ते एवढंच, की हे वाक्य गोलंदाज असं लिहील का. मुख्यालयात तोफखान्याचे अधिकारी भरपूर होते. युद्धमंत्री जनरल ओग्युस्त मर्सिये स्वतः तोफखान्यातून वर आलेले होते. पण या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कोणी थांबलं नाही.

१५ ऑक्टोबरला ड्रेफसला साध्या कपड्यांत मुख्यालयात बोलावण्यात आलं. मेजर द्यु पाती द क्लाम याने हाताला लागलंय असं सांगून त्याला एक पत्र लिहून द्यायला बसवलं. मजकुरात बोर्दरोतले शब्द पेरलेले होते. मध्येच विचारलं, तुमचा हात थरथरतोय का. ड्रेफस म्हणाला, बोटं गारठलीत. मग अटक. टेबलावर भरलेलं पिस्तूल मुद्दाम हाताशी ठेवलेलं होतं. त्याने ते उचललं नाही. मी निर्दोष आहे आणि ते सिद्ध करायला मला जगायचं आहे, असं तो म्हणाला.

ब्रेक

आता कागदातल्या पहिल्याच ओळीकडे वळू. इथे थोडं थांबावं लागेल, कारण प्रकरणाचा गाभा इथे आहे.

तोफ डागली की गोळा पुढे जातो आणि तोफ मागे उसळते. जुन्या तोफा चाकांसकट मागे जायच्या. प्रत्येक गोळ्यानंतर गोलंदाजांनी ती ढकलून जागेवर आणायची आणि नेम पुन्हा लावायचा. सगळा वेळ यात जायचा. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातले तोफखाने या धक्क्यावर उपाय शोधत होते. पहिला उपाय हायड्रॉलिक ब्रेक: तोफ मागे सरकताना एक दट्ट्या सिलिंडरमधला द्रव बारीक भोकांतून ढकलतो आणि धक्क्याचा जोर तिथे जिरतो. पण जिरलेला जोर नळीला पुन्हा पुढे आणत नाही. ते काम दाबलेल्या हवेकडून करून घेतलं की ब्रेक हायड्रोन्यूमॅटिक होतो. नळी मागे जाते, हवा दाबली जाते, आणि तीच हवा नळीला परत जागेवर ढकलते.

फ्रेंच सैन्यात १२० मिलिमीटरच्या दोन तोफा होत्या. एक लांब नळीची, वेढ्याच्या कामाची, जुनी. तिच्या ब्रेकमध्ये कोणालाही नवल वाटावं असं काही उरलं नव्हतं. दुसरी आखूड नळीची, १८९० च्या मॉडेलची, मैदानात नेता येणारी. तिचा ब्रेक हायड्रोन्यूमॅटिक होता आणि परक्या देशाला कुतूहल होतं ते याचं. याच वर्षांत ७५ मिलिमीटरची नवी तोफही अत्यंत गुप्तपणे घडत होती. पुढे १८९७ चं मॉडेल म्हणून ती जगभर गाजली. सगळा तोफखाना त्या काळात धक्क्याच्या या एका प्रश्नाभोवती फिरत होता.

अशा वेळी बूर्जला नोकरी केलेला कॅप्टन नुसतं ‘१२०’ लिहील? आखूड की लांब हे सांगणार नाही? आणि हवेवर चालणाऱ्या ब्रेकला ‘हायड्रॉलिक’ म्हणेल? तोफ कशी ‘वागली’ यासाठी बोर्दरोच्या लेखकाने जे फ्रेंच क्रियापद वापरलं तेही तोफखान्याच्या रूढ बोलीत बसत नव्हतं. तिथे चाचणीतल्या तोफेसाठी दुसरा शब्द चालतो. एक शब्द चुकला तर घाई म्हणता येईल. एका वाक्यात तीन जागी तोल गेला, तर लिहिणाऱ्याने तोफ पाहिली आहे पण तिच्यावर काम केलेलं नाही, असंच म्हणावं लागेल.

पुढे नियमपुस्तिका. बोर्दरोचा लेखक सांगतो की ही मिळणं फार अवघड आहे, मोजक्याच प्रती वाटल्या आहेत, थोड्याच दिवसांपुरती माझ्याकडे राहील. तोफखान्याच्या अधिकाऱ्याला ती अवघड नव्हती, ती त्याच्या कामाचीच पुस्तिका होती. अवघड वाटेल ती पायदळाच्या अधिकाऱ्याला, जो ती कोणाकडून तरी मागून आणतो आणि परत करायची आहे म्हणून घाईत असतो.

आणि शेवटची ओळ, युद्धसरावाला निघाल्याची. १८९४ च्या मे महिन्यात आदेश निघाला होता की त्या वर्षी मुख्यालयातले प्रशिक्षणार्थी शरद ऋतूतल्या सरावाला जाणार नाहीत. पहिल्या खटल्याच्या वेळी आरोप करणाऱ्यांनी बोर्दरो वसंतातला मानला आणि ‘सराव’ म्हणजे जूनमधला मुख्यालयाचा अभ्यासदौरा, असा अर्थ लावला. नंतर गरज पडली तेव्हा तोच कागद ऑगस्टअखेरचा ठरवला गेला. तारीख बदलली, आरोपी बदलला नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग येतो तो या जागी. तारीख चार महिने पुढे सरकली की ड्रेफसच्या विरुद्धचा अर्धा युक्तिवाद कोसळतो, आणि ते लक्षात येऊनही तो निमूटपणे नव्याने रचला गेला.

शिक्षा

कोर्ट मार्शल १९ ते २२ डिसेंबर १८९४, बंद दरवाजांआड. सात न्यायाधीशांमध्ये तोफखान्याचा एकही नाही. पाच हस्ताक्षरतज्ज्ञांपैकी दोघांनी अक्षर ड्रेफसचं नाही असं सांगितलं. पॅरिस पोलिसांचा बर्तियाँ, जो हस्ताक्षराचा जाणकारच नव्हता, त्याने जिथे अक्षर जुळत नाही तिथे ड्रेफसने स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असा सिद्धांत मांडला. म्हणजे जुळलं तरी दोषी, न जुळलं तरी दोषी. तेही कमी पडेल म्हणून मर्सियेंच्या आदेशाने एक गुप्त फाइल न्यायाधीशांना विचारविनिमयाच्या वेळी देण्यात आली. आरोपीला नाही, वकिलाला नाही. निकाल एकमताचा: जन्मठेप, हद्दपारी, पदच्युती.

५ जानेवारी १८९५. पॅरिसच्या लष्करी शाळेचं मोठं अंगण, चारी बाजूंनी पलटणी, कुंपणाबाहेर ओरडणारी गर्दी. एक उंच सार्जंट पुढे येतो, टोपीवरच्या, बाहीवरच्या, पँटवरच्या पट्ट्या ओढून काढतो, बटणं तोडतो, तलवार म्यानातून काढतो आणि गुडघ्यावर मोडतो. सगळं झटक्यात निघावं म्हणून शिलाई आदल्या दिवशीच उसवून एखाद्या टाक्यावर ठेवली होती, तलवार आधीच कापून हलकेच जोडली होती. ड्रेफस ओरडत राहिला: सैनिकहो, एका निर्दोष माणसाची अप्रतिष्ठा होते आहे, फ्रान्स चिरायू होवो, सेना चिरायू होवो. फाटक्या काळ्या गणवेशात त्याला चारी बाजूंनी फिरवण्यात आलं.

एप्रिलमध्ये तो फ्रेंच गयानाच्या किनाऱ्याजवळच्या डेव्हिल्स आयलंडवर पोहोचला. दगडी खोपटं, दिवसरात्र पहारा, पहारेकऱ्यांना त्याच्याशी बोलायला बंदी. १८९६ च्या सप्टेंबरात तो पळाल्याची खोटी बातमी एका वृत्तपत्रात आली, तेव्हा भोवती उंच लाकडी कुंपण घातलं गेलं आणि दीड महिना रोज रात्री त्याच्या घोट्यांत बेड्या अडकवून त्याला पलंगाला जखडलं जाई. समुद्र दिसेनासा झाला.

त्या वर्षांतल्या त्याच्या वह्या उरल्या आहेत. त्यांत इंग्रजीचे धडे आहेत, शेक्सपिअरवरची टिपणं आहेत, आणि गणित आहे: पानंच्या पानं समीकरणं, मध्ये मध्ये एकच वेलबुट्टी पुन्हा पुन्हा काढलेली. चार वर्षं ज्याच्याशी कोणी बोललं नाही त्याने पॉलितेक्निकमध्ये शिकलेलं गणित धरून ठेवलं. माणूस बुद्धीने शाबूत कसा राहिला याचं उत्तर मला या पानांत दिसतं.

खरा लेखक

मार्च १८९६ मध्ये हेरखात्याचा नवा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल पिकार, याच्या हाती त्याच दूतावासातल्या टोपलीतून आणखी एक फाडलेला कागद आला, एक निळी टपालचिठ्ठी. पत्ता होता मेजर एस्टरहाझी याचा. ७४ वी पायदळ रेजिमेंट, मुक्काम रूआँ, गळ्यापर्यंत कर्ज. ऑगस्टच्या अखेरीस पिकारने त्याचं अक्षर बोर्दरोशेजारी ठेवलं. सारखं नव्हे, तेच.

आता तोफांची ओळ पुन्हा वाचा. एस्टरहाझी १८९४ च्या ऑगस्टमध्ये शालों इथल्या तळावर तोफखान्याचा गोळीबार पाहायला गेला होता. पायदळाचा अधिकारी पाहुणा म्हणून उभा राहतो, तोफ डागताना बघतो, आजूबाजूच्या गोलंदाजांचं बोलणं ऐकतो, ‘१२०’ आणि ‘ब्रेक’ हे शब्द उचलतो आणि घरी जाऊन लिहितो. चुका नेमक्या त्याच होतात ज्या बोर्दरोत आहेत.

पिकारने वरिष्ठांना सांगितलं. त्याला पॅरिसबाहेर, मग ट्युनिशियात धाडण्यात आलं. खात्यातल्या मेजर आंरीने ड्रेफसचं नाव असलेलं एक बनावट पत्र तयार केलं. ११ जानेवारी १८९८ ला एस्टरहाझी कोर्ट मार्शलमधून निर्दोष सुटला. दोनच दिवसांनी झोलाचं राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेलं खुलं पत्र ‘लोरोर’ या दैनिकात आलं आणि देश पेटला. त्याच वर्षी ऑगस्टमधल्या एका रात्री कॅप्टन क्युइन्ये दिव्याखाली आंरीचं पत्र तपासत असताना त्याला दिसलं की कागदावरच्या चौकटींच्या रेषांचा रंग वरच्या भागात वेगळा आणि मधल्या भागात वेगळा आहे. दोन पत्रं कापून एक चिकटवलं होतं. आंरीने कबुली दिली आणि ३१ ऑगस्टला कोठडीत गळा चिरून घेतला. एस्टरहाझी इंग्लंडला पळाला.

रेन: गोलंदाज बोलले

३ जून १८९९ रोजी वरिष्ठ न्यायालयाने पहिला निकाल रद्द केला आणि नवा कोर्ट मार्शल ब्रिटनीतल्या रेन शहरात भरला, ७ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर. या वेळी सात न्यायाधीशांपैकी सहा तोफखान्याचे होते. अध्यक्ष कर्नल झुओस्त तेवढे इंजिनियर दलातले.

तोफखान्याचे मेजर हार्टमान साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी बोर्दरोतली एकेक संज्ञा उलगडून दाखवली: ब्रेकचं नाव, तोफेचं नाव, नियमपुस्तिका कोणाला किती सहज मिळते, गोपनीय काय होतं आणि काय नव्हतं. निवृत्त जनरल सेबेर, तोफखान्यातली मोठी शास्त्रीय असामी, त्यांनी स्पष्ट सांगितलं की हा कागद तोफखान्याच्या अधिकाऱ्याने लिहिलेला नाही. मला ही साक्ष या खटल्यातली सर्वांत महत्त्वाची वाटते. न्यायासाठी इतरही बोलत होते. हे मात्र आपल्या कामाच्या ज्ञानाने बोलत होते, आणि समोर बसलेल्या सहा जणांना यातला प्रत्येक शब्द कळत होता.

तरीही निकाल पाच विरुद्ध दोन मतांनी दोषी असाच लागला. देशद्रोह सिद्ध, पण शिक्षा सौम्य करण्याजोगी परिस्थिती, म्हणून दहा वर्षं. विरुद्ध मत देणारे दोघे म्हणजे झुओस्त आणि तोफखान्याचे मेजर द ब्रेओं.

हे कसं झालं? मी यावर पुष्कळ विचार केला आहे. त्या कोर्टात पाच माजी युद्धमंत्री साक्षीला आले होते आणि त्यांचं म्हणणं एकच होतं, ड्रेफस दोषी आहे. मेजर आणि कॅप्टन दर्जाच्या न्यायाधीशांपुढे तांत्रिक सत्य एका बाजूला होतं आणि त्यांच्या सेनेचे आजवरचे प्रमुख दुसऱ्या बाजूला. हार्टमान बरोबर आहेत असं म्हणणं म्हणजे जनरल मर्सिये खोटं बोलले असं म्हणणं. ब्रेकचं नाव ओळखायला लागतं त्यापेक्षा वेगळं धैर्य याला लागत होतं, आणि ते द ब्रेओंकडे होतं.

१९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्षांनी ड्रेफसला माफी दिली. शरीर पार खचलेलं होतं, त्याने ती घेतली. पण त्याच दिवशी जाहीर केलं की माफी म्हणजे निर्दोषत्व नव्हे आणि मी लढणार.

प्रकरण पुन्हा उघडलं तेव्हा वरिष्ठ न्यायालयाने तोफांचा प्रश्न तोफखान्याकडेच पाठवला. १९०४ मध्ये चार जनरलांची समिती नेमली गेली. त्यांनी शस्त्रं, पुस्तिका, तारखा तपासल्या आणि निष्कर्ष ड्रेफसच्या बाजूने दिला. दहा वर्षांपूर्वी एका दुपारी होऊ शकलं असतं ते काम. १२ जुलै १९०६ रोजी वरिष्ठ न्यायालयाने रेनचा निकालही रद्द केला, आणि या वेळी पुढे कोणत्याही लष्करी न्यायालयाकडे न पाठवता.

नोकरीचा हिशेब

१३ जुलैला संसदेने कायदा करून ड्रेफसला मेजर म्हणून सेनेत परत घेतलं. २१ जुलैला लष्करी शाळेतच त्याला लीजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान दिला गेला, पण पट्ट्या ओढल्या होत्या त्या मोठ्या अंगणात नव्हे, तोफखान्याच्या बाजूच्या लहान अंगणात. तोफखान्याची तुकडी सलामीला उभी होती.

पण लष्करात माणसाचं मोल ज्येष्ठतेवर ठरतं. पिकारला परत घेताना ब्रिगेडियर जनरल करण्यात आलं, आणि तेही तीन वर्षं मागच्या तारखेने. ड्रेफसची बढती मात्र कायद्याच्या दिवसापासून मोजली गेली. बेटावरची, तुरुंगातली, वाट पाहण्याची वर्षं त्याच्या हिशेबात आली नाहीत. सरळ नोकरी झाली असती तर तो तोवर किमान लेफ्टनंट कर्नल असता आणि जनरलपद आवाक्यात असतं. आता ते अशक्य होतं. त्याने ही गोष्ट वर मांडली. ऑक्टोबर १९०६ पासून युद्धमंत्री होता पिकार, ज्याने खरा गुन्हेगार शोधला होता तोच. त्याच्या कारकिर्दीतही ही चूक दुरुस्त झाली नाही. ऑक्टोबर १९०७ मध्ये ड्रेफस निवृत्त झाला, वय ४८.

पिकारने स्वतः तुरुंग भोगला होता, त्याचं ऋण मोठं आहे. तरी ही सही त्याने करायला हवी होती असं मला ठामपणे वाटतं. निर्दोष ठरवणं हे न्यायालयाचं काम होतं. गेलेली वर्षं सेवेत मोजणं हे सेनेचं काम होतं, आणि एका कागदाने झालं असतं.

जून १९०८ मध्ये झोलाच्या अस्थी पाँतेओं या थोरांच्या समाधिस्थळी नेल्या जात असताना एका पत्रकाराने ड्रेफसवर गोळ्या झाडल्या. दंडाला जखम झाली. हल्लेखोर निर्दोष सुटला. १२ जुलै १९३५ रोजी, निर्दोष ठरल्याला बरोबर २९ वर्षं झाली त्या दिवशी, ड्रेफस वारला. ब्रिगेडियर जनरलचं पद त्याला मिळालं २०२५ मध्ये, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी कायदा केल्यावर. राष्ट्रीय सभेत विरोधात एकही मत पडलं नाही.

मधली काही वर्षं सांगायची राहिली. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं तेव्हा ५४ वर्षांचा हा निवृत्त मेजर कामावर हजर झाला. आधी पॅरिसच्या संरक्षणफळीत तोफखान्याचं काम मिळालं. ते आघाडीपासून दूर होतं, म्हणून त्याने आघाडीवर पाठवा अशी मागणी केली. १९१७ मध्ये त्याला १६८ व्या डिव्हिजनचा तोफखाना पार्क मिळाला आणि तो शमँ दे दामच्या लढाईत पोहोचला. पार्क म्हणजे आघाडीच्या थोडं मागे उभं असलेलं तोफांचं कोठार आणि दुरुस्तीचं ठाणं: तिथून गोळे पुढे जातात, खराब झालेल्या तोफा मागे येतात, तपासल्या जातात, परत धाडल्या जातात. फ्रेंच डिव्हिजनच्या तोफखान्याचा कणा तेव्हा ७५ ची तोफ होती. तिच्या प्रत्येक बॅरलखाली तो ब्रेक होता, द्रव आणि हवा दोन्हींचा, आणि ५७ वर्षांच्या मेजरच्या दप्तरातल्या कागदांवर त्याचं नाव बरोबर लिहिलेलं असे.